गोंगाटातला विद्यार्थी : भीमराव

आपल्या वस्तीतल्या एखाद्या मुलाने अभ्यासाला जागा नाही, घरात आवाज फार होतो, चार ओळी लिहायला बसलो की कुणीतरी हाक मारते, असे म्हणायचा अवकाश, की वडीलधारी मंडळी त्याला लगेच गप्प करतात. बाबासाहेब रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकले, तुला काय धाड भरली आहे, असे त्याला ऐकवले जाते. पोरगा खाली मान घालून निघून जातो. सांगणाऱ्याला वाटते आपण आदर्श सांगितला. प्रत्यक्षात आपण बाबासाहेबांचे चरित्र नीट न वाचता त्या पोराच्या डोक्यात हाणलेले असते.

बाबासाहेबांनी गरिबीत शिक्षण घेतले हे खरेच आहे. पण ते कुठे बसून वाचत होते, कुठे बसून लिहीत होते, त्यांच्या कानावर काय पडत होते आणि तो आवाज थांबवण्यासाठी कुणी काय केले, हे आपण कधी विचारले आहे काय? चरित्रातला हा धागा धरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत गेलो तर एक वेगळेच बाबासाहेब दिसतात. गोंगाटाला शरण न जाणारे, आणि गोंगाट सहन करण्याला मोठेपणाही न समजणारे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भिवाच्या घरात पहिला आवाज होता तो पाठांतराचा. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातल्या शाळेत शिक्षक होते, कबीरपंथी होते. सकाळ-संध्याकाळ घरात दोहे, अभंग, भजने चालत. पुढे रामायण-महाभारताचे मोठ्याने वाचन मुलांकडून करून घेतले जाई. त्या ग्रंथांबद्दल बाबासाहेबांनी पुढे काय भूमिका घेतली ते सर्वश्रुत आहे. पण भाषेचा कान त्या घरात तयार झाला यात शंका नाही. रामजी नुसते भाविक नव्हते. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतरमाला त्यांनी मुलाकडून घोटवून घेतली. एका भाषेतले वाक्य दुसऱ्या भाषेत कसे मांडायचे, शब्द कुठला निवडायचा, हे वळण बापाने लावले. म्हणजे लेखनाचा पहिला वर्ग घरातच भरला.

दुसरा वर्ग साताऱ्याचा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये भिवाचे नाव दाखल झाले. हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून शासनाने विद्यार्थी दिवस म्हणून ठरवला, ते याच कारणाने. वर्गात बसायला घरून आणलेला गोणपाटाचा तुकडा, तो संध्याकाळी परत घरी न्यायचा. पाणी प्यायचे तर शिपायाने वरून ओतायचे, शिपाई नसेल तर तहान मारायची. हे आपण सर्व जण भाषणांत ऐकतो. पण एक गोष्ट भाषणांत येत नाही. काही शिक्षक या मुलांच्या वह्यांना हात लावत नसत. त्यांना प्रश्न विचारत नसत, कविता म्हणायला उभे करत नसत.

वाचकहो, लिहिणाऱ्या मुलाला याहून वाईट परिसर कुठला असेल? मुलाने शुद्धलेखन लिहिले, गणित सोडवले, आणि ती वही तपासणाऱ्याच्या हातात जातच नाही. चूक कुठे झाली हे कुणी सांगत नाही, बरोबर आले तर शाबासकी नाही. आवाजाने लक्ष विचलित होते हे आपल्याला कळते. पण ज्या वर्गात आपल्याशी कुणी बोलतच नाही त्या वर्गातली शांतताही मुलाचे लेखन मारते, हे मनुवादी व्यवस्थेने शंभर पिढ्या वापरलेले हत्यार आहे. वर्ग शांत होता, पण ती शांतता भिवासाठी नव्हती.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आले. लोअर परळची डबक चाळ. एक खोली. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत भांडीकुंडी, त्याच खोलीत माणसे, आणि त्याच खोलीत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जाणारा विद्यार्थी. चारही बाजूंनी गिरण्या. पहाटेचा भोंगा, पाळी सुटल्याचा भोंगा, जिन्यावरची पावले, नळावरची भांडणे, दारू पिऊन आलेल्यांचा आरडाओरडा. गिरणगावात ज्यांचे बालपण गेले त्यांना हा आवाज वेगळा समजावून सांगायची गरज नाही. त्याच सुमारास, १९०५ च्या आसपास, मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि मालकांनी कामगारांचे तास वाढवून घेतले. गिरणीत रात्रीचा दिवस झाला होता आणि गिरणीच्या सावलीतल्या खोलीत एक मुलगा काच नसलेल्या रॉकेलच्या चिमणीवर वाचत होता. रस्त्यावरच्या दिव्याची दंतकथा कुठून आली ते असो. चरित्रकारांनी नोंदवलेला दिवा हा घरातला, धूर ओकणारा, फडफडणारा दिवा आहे.

आता रामजींनी काय केले ते पहा. त्यांनी मुलाला नेट लावून अभ्यास कर, आवाजाकडे लक्ष देऊ नको, असे सांगून हात झटकले नाहीत. त्यांनी आवाजाचा अभ्यास केला. चाळ केव्हा झोपते? मध्यरात्रीनंतर. चाळ केव्हा उठते? भोंग्याबरोबर. मधले दोन-तीन तास तेवढे शांत. म्हणून त्यांनी मुलाला संध्याकाळी लवकर झोपवायचे ठरवले. खोली इतकी लहान की दोघांना अंथरूण पसरायला जागा नव्हती. मुलगा झोपला की बाप जागा राहायचा, रात्री दोन वाजता मुलाला उठवायचा आणि मग त्याच जागेवर स्वतः आडवा व्हायचा. उशाला जाते, पायथ्याशी शेळी, आणि मध्ये पुस्तक. पेन्शनर म्हातारा रोज रात्री दोनपर्यंत घड्याळ बघत बसतो, ते कशासाठी? मुलाला तीन तासांची शांतता मिळावी म्हणून. ही शांतता फुकट मिळालेली नव्हती. ती बापाच्या झोपेतून काढलेली होती. पुस्तकांसाठी त्यांनी लेकींचे दागिने गहाण टाकायला मागितले हे आपण सांगतो, ते सांगायलाच हवे. पण दागिने सोडवून परत देता येतात. गेलेली झोप कोण परत देणार?

शाळेतला आवाज वेगळाच होता. एल्फिन्स्टन हायस्कूल ही सरकारी शाळा, नावाजलेली. एकदा शिक्षकांनी भीमरावाला फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तर वर्गातली सवर्ण मुले धडपडत फळ्याकडे धावली. फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. डब्यांचा खणखणाट झाला, डबे बाजूला गेले, आणि मग हा मुलगा खडू घेऊन उभा राहिला. त्या खणखणाटात त्याने गणित सोडवले. संस्कृत शिकायचे होते, ते शिकू दिले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, ७५० पैकी २८२ गुण. आजच्या पालकांना हे गुण सांगितले तर तोंड वाकडे करतील. ते गुण कुठल्या खोलीत, कुठल्या वेळी, कुणाच्या झोपेवर मिळवलेले होते ते मात्र गुणपत्रिकेवर छापलेले नसते.

शाळा सुटली की हा मुलगा सरळ चाळीत परत जात नसे. चर्नी रोडच्या बागेत जाऊन एका बाजूला वाचत बसे. बागेतही माणसे होती, शेजारून आगगाडी जात होती. पण तिथे कुणी त्याला नावाने हाक मारत नव्हते. याच बागेत विल्सन हायस्कूलचे मुख्याध्यापक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्याला पाहिले, चौकशी केली, आणि पुढे मॅट्रिकच्या सत्कारसभेत स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याच्या हातात ठेवले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली तीही केळुसकरांच्या खटपटीने. म्हणजे पहा, मुलगा शांत जागा शोधत बागेत गेला नसता तर? इतिहासात जर-तरला अर्थ नसतो असे म्हणतात, तरी विचार मनात येतोच.

कॉलेजच्या काळात कुटुंब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत आले. चाळ नंबर १, दुसरा मजला, खोली नंबर ५० आणि ५१. या दोन खोल्यांची गोष्ट मला नेहमी महत्त्वाची वाटते. खोल्या समोरासमोर. एकीत संसार, दुसरीत अभ्यास. ज्या घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि मिळकत बेताची, त्या घराने दुसरी खोली भाड्याने देऊन चार पैसे मिळवले असते तर कुणी नावे ठेवली नसती. रामजींनी ती पुस्तकांना दिली. पुढे रमाईंनी हीच वाटणी सांभाळली. पाठोपाठ लेकरे गेली, घरात रडण्याचा आवाज पुन्हा पुन्हा झाला, तरीही समोरची खोली ग्रंथांचीच राहिली. रमाईंचा त्याग आपण गाण्यांतून गातो. त्या त्यागाचे एक माप दहा-बारा फुटांच्या त्या खोलीत आहे.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. त्याच वर्षी जुलैत भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तिथे वसतिगृहात खोली, झोपायला पलंग, लिहायला टेबल, आणि ग्रंथालय असे की कुणीही कुठल्याही खुर्चीवर बसावे. ज्या मुलाला गोणपाटावर बसवले त्याला प्रथमच कुणी कुठे बसायचे हे सांगितले नाही. सुरुवातीचे काही महिने मित्रमंडळींत गेले, मग त्यांनी स्वतःला आवरले आणि अठरा-अठरा तास अभ्यासाला जुंपले. १९१५ मध्ये एम. ए., आणि ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा तो प्रसिद्ध निबंध. डबक चाळीत हा निबंध लिहून झाला असता काय? बुद्धी तीच होती, माणूस तोच होता. पण सलग विचार करायला सलग वेळ लागतो, आणि भोवती कुणी ढवळाढवळ न करणारा परिसर लागतो. तो त्यांना परक्या देशात मिळाला.

योगायोग असा की त्याच मॅनहॅटन बेटावर, त्यानंतर साठ वर्षांनी, आवाजाचा आणि शिक्षणाचा संबंध दाखवणारा एक गाजलेला अभ्यास झाला. तिथल्या एका सरकारी शाळेच्या एका बाजूने उंचावरचा रेल्वेमार्ग जात होता. दर काही मिनिटांनी गाडी गेली की शिक्षकाला बोलणे थांबवावे लागे. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ मध्ये दाखवून दिले, की रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुले सहाव्या इयत्तेपर्यंत वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा जवळजवळ एक वर्ष मागे पडलेली होती. मुले सारखीच, शाळा एकच, फरक फक्त भिंतीचा. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या, वर्गांच्या छताला आवाज शोषणारे आच्छादन लावले, आणि १९८१ मध्ये पुन्हा मोजले तेव्हा तो फरक उरला नव्हता. मुलांना कुणी जास्त मेहनत करायला सांगितले नाही. आवाज कमी केला.

लेखनाबाबत मानसशास्त्राचा आणखी एक निष्कर्ष आहे. यंत्राची एकसुरी घरघर माणसाला बऱ्याच अंशी सवयीची होते. पण समजणारे बोलणे कानावर पडत राहिले तर लिहिणाऱ्याचे वाक्य तुटते, कारण लिहिताना मन जे शब्द जुळवत असते त्याच वाटेवर बाहेरचे शब्द घुसतात. गिरणीचा आवाज मोठा असूनही मारक ठरेलच असे नाही, शेजारच्या खोलीतले हळू आवाजातले भांडण मात्र ठरते. चाळीत आणि झोपडपट्टीत वाढलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे प्रयोगशाळेशिवाय माहीत आहे.

कोलंबियानंतर लंडन, १९१६. पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. जहाजाने वेगळी पाठवलेली पुस्तके महायुद्धात समुद्राच्या तळाशी गेली. करारानुसार बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, आणि तिथे जे घडले ते या विषयात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

बडोद्यात त्यांना राहायला जागा कुणी देईना. शेवटी पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून, दिवसाला दीड रुपया भाडे ठरवून, ते राहिले. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली आणि बाकी भलेमोठे दालन, अडगळीने भरलेले. दुसरा एकही माणूस नाही. वीज नाही. रखवालदार संध्याकाळी एक कंदील आणून ठेवी, त्याचा उजेड हातभरसुद्धा पडत नसे. दिवसभर कचेरीत अपमान, तिथले पट्टेवाले कागद दुरून टेबलावर फेकत. रात्री हा परदेशात शिकून आलेला पदवीधर त्या अंधारात कंदिलाजवळ पुस्तक धरून बसे. वाचनात एकाग्र झाले की एकटेपणाचा विसर पडे. पण दालनात वटवाघळांनी घर केलेले होते. त्यांची फडफड आणि चिरचिर कानावर आली की अंगावर शहारा येई, आणि आपण कुठे आहोत, कुणाच्या नावावर आहोत, हे सर्व पुन्हा आठवे. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे.

वटवाघळाचा आवाज तो केवढा! गिरणीच्या भोंग्यापुढे तो काहीच नाही. मग डबक चाळीच्या गोंगाटात वाचणाऱ्या माणसाला तो का छळत होता? कारण त्या आवाजामागे भीती होती. चाळीतला गोंगाट आपल्या माणसांचा होता. धर्मशाळेतली शांतता ही बहिष्काराची शांतता होती, आणि तिच्यात खुट्ट झाले तरी पकडले जाण्याची धास्ती होती. अकराव्या दिवशी ती धास्ती खरी ठरली. डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यावरून वर आले आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितले. पुस्तके, सामान गोळा करून ते कामाठीबागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. आजही शहरात खोली भाड्याने मागताना आडनाव सांगायला कचरणारा आपला विद्यार्थी, वसतिगृहात खोलीतले मित्र काय बोलतील या काळजीने पुस्तकात डोके खुपसून बसलेला आपला विद्यार्थी, त्याच दालनात बसलेला असतो. त्याच्या खोलीत डेसिबल मोजायचे यंत्र लावले तर आकडा अगदी कमी येईल.

मुंबईत परतल्यावर पुन्हा परळची चाळ. १९१८ मध्ये शेतीच्या लहान तुकड्यांवरचा त्यांचा अभ्यासपूर्ण लेख प्रसिद्ध झाला. १९१९ च्या सुरुवातीला साउथबरो समितीपुढे त्यांनी लेखी निवेदन आणि साक्ष दिली. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगार ४५० रुपये. त्या पगारात चांगल्या वस्तीत जागा घेता आली असती. ते चाळ सोडून गेले नाहीत, पै-पै वाचवली, कारण लंडनचा अभ्यास पुरा करायचा होता. ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक सुरू केले आणि जुलैत लंडनला निघाले. शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेना यांचे पाच हजारांचे कर्ज आणि स्वतःची बचत, एवढ्या भांडवलावर.

लंडनमधला त्यांचा दिनक्रम चरित्रांत आहे. सकाळी उठून ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जायचे आणि ते बंद होईपर्यंत उठायचे नाही. १८५७ साली उघडलेले ते घुमटाचे गोल दालन, जिथे कार्ल मार्क्सनेही वर्षानुवर्षे बैठक मारली होती. तिथे पान उलटल्याचा आवाज तेवढा. दुपारचे जेवण जवळजवळ नाहीच. संध्याकाळी बिऱ्हाडी परतायचे आणि रात्री पुन्हा वाचायचे. भूक लागली की मित्राने दिलेले चार पापड भाजायचे, त्यावर कपभर दूध. खोलीतले सोबती अस्नोडकर मध्यरात्री जागे होत तेव्हा हे वाचतच असत. ते झोपा म्हणून सांगत, आणि हे वेळ आणि पैसा दोन्ही कमी असल्याचे कारण देत. चाळीत रात्री दोनला उठायची जी सवय बापाने लावली, ती लंडनमध्ये रात्री न झोपण्यापर्यंत गेली.

१९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर. त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरचा डी. एस्सी.चा प्रबंध सादर केला. परीक्षकांना त्यातली ब्रिटिश धोरणावरची टीका झोंबली आणि प्रबंध पुन्हा लिहायला सांगण्यात आले. तोपर्यंत पैसे संपले. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, आणि सुधारलेला प्रबंध त्यांनी मुंबईहून पाठवला. त्या काळात त्यांचे बिऱ्हाड परळच्या चाळीतच होते. वर्षअखेरीस पदवी मिळाली आणि ग्रंथही लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे रिझर्व्ह बँकेची चर्चा निघाली की आज ज्या ग्रंथाचे नाव घेतले जाते, त्याच्यावरचा शेवटचा हात गिरणगावात फिरला. ब्रिटिश म्युझियममध्ये साहित्य गोळा झाले, विचार पक्का झाला. एकदा विचार पक्का झाला की चाळीतही लिहिता येते. पण तो पक्का व्हायला शांत दालन लागले, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

लंडनमधल्या त्यांच्या वास्तव्याचे १० किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. तिथे स्मारक झाले तर शेजाऱ्यांनी गर्दी आणि गोंगाटाची तक्रार केली, स्थानिक काउन्सिलने परवानगी नाकारली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने ती दिली. ज्या माणसाने त्या खोलीत पान उलटण्यापलीकडे आवाज केला नसेल, त्याच्या अनुयायांच्या आवाजाची तक्रार व्हावी, याचे हसावे की रडावे कळत नाही. अर्थात तक्रारीत खरोखरच्या आवाजापेक्षा येणाऱ्या माणसांच्या रंगाची अडचण किती होती, हाही प्रश्न आहेच.

इथे आपल्या घरातले एक बोलले पाहिजे. जयंती एप्रिलमध्ये येते, आणि एप्रिल हा विद्यापीठाच्या परीक्षांचा काळ असतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. ते नियम इतरांच्या उत्सवांत पाळले जात नाहीत हे खरे. आम्हीच का पाळायचे, हा प्रश्नही चुकीचा नाही. पण वस्तीतल्या डीजेच्या भिंतीसमोर जो मुलगा कानात बोळे घालून वही उघडून बसला आहे तो सवर्णांचा नाही, आपला आहे. रामजींनी ज्याच्यासाठी रात्र रात्र जागून शांतता राखली त्याच मुलाच्या जयंतीला आपण त्याच्यासारख्या दुसऱ्या मुलाची शांतता काढून घेतो. दुसरीकडे याच जयंतीच्या निमित्ताने महाराष्ट्रातल्या अनेक विद्यापीठांत, महाविद्यालयांत सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो, मुले रांगेने बसून वाचतात. किती तरी बुद्धविहारांत अभ्यासिका चालतात, सकाळी वंदना झाली की टेबले मांडली जातात. हे काम करणारे कार्यकर्ते फलकावर झळकत नाहीत.

कारण खुद्द बाबासाहेबांनी तेच केले. बहिष्कृत हितकारिणी सभा २० जुलै १९२४ ला स्थापन झाली आणि सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ ला, सोलापुरात वसतिगृह सुरू झाले. सभा, परिषदा, सत्याग्रह यांच्या आधी वसतिगृह! खेड्यातल्या महारवाड्यात मुलाला पुस्तक घेऊन बसायला जागा नाही हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. स्वतः मात्र परळच्या दामोदर हॉलमधल्या कचेरीत बसून बहिष्कृत भारतचे रकानेच्या रकाने एकहाती लिहीत होते. भोवती गाऱ्हाणी घेऊन आलेले लोक, दाराशी आणखी लोक. तो आवाज त्यांनी थांबवला नाही. तोच तर लेखनाचा विषय होता.

१९३० नंतर त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले. खाली कुटुंब, वर ग्रंथालय. खोली नंबर ५० आणि ५१ चीच ती वाटणी, फक्त आता आडव्याची उभी झाली. रमाईंना ते घर फार काळ लाभले नाही, २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. पुढच्याच वर्षी जातिनिर्मूलनावरचे न झालेले भाषण पुस्तकरूपाने आले. राजगृहाच्या वरच्या मजल्यावर काम चालू असले की भेटायला आलेल्याला खाली थांबावे लागे, आणि कधी कधी फार थांबावे लागे. काहींना तो तुसडेपणा वाटला. ज्याने आयुष्याची पहिली तीस वर्षे शांततेसाठी घालवली, त्याने ती मिळाल्यावर जपली, एवढाच त्याचा अर्थ.

८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि २० जून १९४६ ला मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय. सुरुवात लष्कराच्या रिकाम्या बराकीत झाली. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरत. रामजींनी एका मुलासाठी जे वेळेचे गणित केले, ते बाबासाहेबांनी हजारोंसाठी केले. मराठवाड्यातल्या मुलांसाठी तेव्हाच्या औरंगाबादेत, गावाच्या गर्दीपासून दूर, लेण्यांच्या डोंगराच्या बाजूला माळरान घेतले, १९५० मध्ये महाविद्यालय सुरू केले आणि त्या परिसराला नागसेनवन नाव दिले. तिथे झाडे लावली पाहिजेत, वसतिगृहे पाहिजेत, ग्रंथालय पाहिजे, याकडे केंद्रीय मंत्री असलेला माणूस जातीने लक्ष देत होता. दलित साहित्याची एक अख्खी पिढी त्या वनात लिहिती झाली. घरी ज्यांच्या वहीवर चुलीचा धूर बसत होता त्यांना तिथे टेबल, दिवा आणि वही हातात घेऊन वाचणारा प्राध्यापक मिळाला. साताऱ्याच्या वर्गाची भरपाई पन्नास वर्षांनी अशी झाली.

दिल्लीतल्या शेवटच्या वर्षांत शरीर साथ देत नव्हते. गुडघे, मधुमेह, डोळे. लेखन मात्र रात्रीच चाले. टंकलेखन करणारे नानकचंद रत्तू संध्याकाळी त्यांना ज्या खुर्चीत लिहिताना सोडून जात, सकाळी येऊन पाहावे तो त्याच खुर्चीत, असे घडल्याच्या आठवणी आहेत. उतारवयात ते व्हायोलिन शिकू लागले होते. आवाजाशी वैर असलेला हा माणूस नव्हता. आवाज आपल्या मर्जीचा असावा, एवढेच.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री २६, अलिपूर रोडवरच्या बंगल्यात पाहुणे गेल्यानंतर त्यांनी रत्तूंना रेडिओग्रामवर बुद्धवंदनेची तबकडी लावायला सांगितली. रत्तू पाय चेपत होते, आणि ते डोळे मिटून, बोटांनी ठेका धरत, हलक्या आवाजात तिच्याबरोबर म्हणत होते. मग थोडे जेवण झाले. कबिराचे एक पद गुणगुणत, काठीच्या आधाराने, ते झोपायच्या खोलीकडे गेले. रामजींच्या घरात सकाळ-संध्याकाळ ऐकू येणारा तो कबीर. बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाची प्रस्तावना आणि परिचयाची टंकलिखित पाने त्यांनी मागवून घेतली, आचार्य अत्रे आणि एस. एम. जोशी यांना लिहिलेल्या पत्रांसह ती टेबलावर ठेवायला लावली. रात्री ती पाने पाहायची होती. सकाळी, ६ डिसेंबरला, ती टेबलावरच होती. ग्रंथ १९५७ साली निघाला, आणि तो काढला बराकीत सुरू झालेल्या त्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या प्रकाशनाने.